पंधरावा फेरा

नाही मास्तर, तुम्ही मला बोलावलं नव्हतं हे मला माहीत आहे. पडद्याची काही तक्रार नाही, हेही तुम्ही दारातच दोनदा सांगितलंत. पण आता स्टूल लावून रूळ खाली काढलाच आहे, तर बसू द्या थोडा वेळ. सात वर्षांपूर्वी हा पडदा मीच बसवला, त्यात एक चूक राहिली, ती दुरुस्त करतो आणि चारच्या आत निघतो. चारच्या आत होणं मात्र महत्त्वाचं आहे. का, ते विचारू नका. बरं, विचारलंतच तर सांगतो.

आधी हा रूळ बघा, म्हणजे पुढचं कळेल. खिडकीचा पडदा ओढला की खाली राहतो आणि हिसका दिला की वर पळतो, एवढंच लोकांना माहीत असतं. हा रूळ आतून पोकळ आहे. पोटात हातभर लांब स्प्रिंग. या टोकाला गोल खिळा आहे, तो खिडकीवरच्या भोकात गरगर फिरतो. त्या टोकाला मात्र ही चपटी पट्टी. ती खाचेत बसते आणि जागची हलत नाही. एक टोक फिरतंय, दुसरं हटून बसलंय, मग मधल्या स्प्रिंगचं काय होणार? पीळ बसणार. दोन हट्टी माणसांच्या मध्ये सापडलं की असंच होतं, माझ्या बायकोला विचारा.

पडदा खाली ओढला की पीळ वाढतो आणि स्प्रिंग त्याला वर खेचायला बघते. मग तो खाली राहतो कसा? तर या पट्टीपाशी दातेरी चकती आहे, आणि ही पितळेची इवलीशी खिट्टी. पडदा हळू सोडला की खिट्टी आपल्या वजनाने दातात पडते आणि रूळ अडतो. हिसका देऊन सोडला की रूळ इतका जोरात फिरतो की खिट्टी बाहेर फेकली जाते, तिला दातात पडायला सवडच मिळत नाही. पडदा थेट वर. म्हणजे मास्तर, खाली अडलेला पडदा आपणहून वर जात नाही. आधी तो कुणीतरी दोन बोटं खाली ओढावा लागतो. कुणीतरी. हे लक्षात ठेवा.

आणि इथे, कापड संपतं तिथल्या उघड्या लाकडावर, ही पेन्सिलीची ओळ दिसते ना? 'चौदा', आणि पुढे गोल. तो गोल माझा. जो रूळ उघडेल त्याने स्प्रिंगला किती फेरे पीळ दिला ते लिहायचं आणि आपली खूण करायची, असा आमच्या धंद्याचा रिवाज आहे. पुढे उघडणाऱ्याला अंदाज यावा म्हणून. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो.

जुना पीळ मी सगळा सोडलाय. मोजणी नेहमी पहिल्यापासून करायची. हे ओळीचं टोक डाव्या मुठीत असं घट्ट धरायचं, उजव्या हातातल्या पकडीने पट्टी धरायची आणि एकेक फेरा द्यायचा. जुनी स्प्रिंग आहे, प्रत्येक फेऱ्यानंतर तिला दम घेऊ द्यावा लागतो. एक.

हे सगळं मला शिकवलं माझ्या सासऱ्यांनी. सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणायचो. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा त्यांनी मुलीच्या आधी एक रूळ आणून माझ्या पुढ्यात ठेवला. "याला पीळ द्या," म्हणाले. मी दिला. ते पाच मिनिटं नुसते रुळाकडे बघत बसले, मग आत तोंड करून ओरडले, "चहा टाका गं. मोजता येत नाही, पण हात बरा आहे." आमचं लग्न असं ठरलं. दोन.

मोजता येत नाही, हे ते मला शेवटपर्यंत ऐकवत होते. "बोलता बोलता मोजू नका, जावईबापू. तुमचं तोंड सुरू झालं की हात आकडे खातो." आता तुम्हीच सांगा, मी काय एवढा बोलतो? तीन.

आमचं भांडण होतं एका फेऱ्याचं. हसू नका. दादांचं म्हणणं, माणसाच्या उंचीच्या खिडकीला पंधरा फेरे. माझं म्हणणं, चौदा. पंधरा दिले तर पडदा वरच्या चौकटीवर फट् करून आपटतो, चौदा दिले की शहाण्यासारखा जातो, असं मी सगळ्यांना सांगायचो. "शहाण्यासारखा कसला, वर वीतभर लोंबत राहतो तो," दादा म्हणायचे. "काम अर्धवट टाकणाऱ्या माणसाचा पडदा आहे." जेवायला बसलो तरी हेच. बायकोच्या नाकी नऊ आले होते. आणि खरं सांगू का मास्तर, पंधरा फेरे मी जन्मात कधी देऊन बघितलेच नव्हते. चार.

मग दादा आजारी पडले, अंथरुणाला खिळले. त्यांच्या खिडकीचा पडदा त्याआधी मीच दुरुस्त केला होता. चौदा फेऱ्यांचा. रोज चार वाजता ते झोपेतून उठायचे, हात लांबवून पडद्याला हिसका द्यायचे, आणि पडदा वर जाऊन वीतभर अलीकडे थांबायचा. ती वीत बघत ते पडून राहायचे. मी भेटायला गेलो की एकच बोलायचे. "जावईबापू, एक फेरा."

मी म्हणायचो, "उद्या बघतो."

तीन आठवडे मी उद्या म्हणत होतो. हत्यारांची पिशवी माझ्या खांद्यालाच असायची. दहा मिनिटांचं काम. पण तो एक फेरा दिला असता तर ते बरोबर ठरले असते, आणि ते माझ्याच्याने झालं नाही. मग एक दिवस उद्या उरलाच नाही. पडद्याची वीत तशीच लोंबत होती. मला लाज वाटली मास्तर, अजून वाटते. पाच.

त्यानंतर तीनेक महिने गेले. एके दिवशी बायको मला म्हणाली, "आईच्या खोलीतला पडदा रोज चार वाजता आपोआप वर जातोय. मोठा आवाज होतो. काल ती दचकून उठली आणि पलंगावरून पडली. उजवं मनगट मोडलंय." सासूबाई त्या घरात एकट्या. बायको पुढे म्हणाली, "रविवारपर्यंत तो पडदा गप्प बसला तर ठीक. नाहीतर मी आईला कायमची इकडे आणते. तुमची कामाची खोली रिकामी करून ठेवा." सहा.

आधी मला माझ्या खोलीचीच काळजी लागली, खोटं कशाला बोलू? बुधवारी दुपारी जेवून निघालो. साधं काम वाटलं. खिट्टीवर तेलाची आणि धुळीची खळ बसते, ती दातात नीट पडत नाही, मग पडदा सुटतो. हे असं हजारदा बघितलंय.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये. शेजारी एक खोकं अर्धं भरलेलं. एक ताट, एक कप, चष्म्याचं घर. त्या घाबरलेल्या नव्हत्या, चिडलेल्या होत्या.

"तुमचे सासरे येतात," त्या मला म्हणाल्या. "चाळीस वर्षांत मला दुपारी कधी नीट झोपू दिलं नाही, आताही देत नाहीत."

"आई, खिट्टी खराब झाली असेल."

"खिट्टी? आधी पडदा दोन बोटं खाली येतो. मग वर जातो. मी बघितलंय." मग खोक्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "या खिडकीशी बसून मी चाळीस वर्षं भाजी निवडली, जावईबापू. तुमच्याकडे मी कुठल्या खिडकीशी बसू?"

माझ्या कामाच्या खोलीला खिडकीच नाही. मी स्टुलावर चढलो. सात.

खिट्टी घासलेटने धुतली, खाच आवळली, पडदा खाली ओढून ठेवला. खोली अंधारी झाली. चारला दहा मिनिटं होती. आम्ही दोघं बसून राहिलो. बाहेर वारा नव्हता. स्वयंपाकघरातला फ्रिज गुरगुरायचा आणि मध्येच बंद पडायचा, तो बंद पडला की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. चार वाजले. काही नाही. चार वाजून एक मिनिट. दोन.

"बघा," मी म्हणालो. "खिट्टीच होती." आणि पिशवी उचलायला वाकलो.

वास आला. आधी घासलेटचा, तो माझ्याच हाताचा होता. मग दुसरा… पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तो. दादांच्या कानावर कायम पेन्सिल असायची. मी वाकलेलाच, मान तेवढी वळवली. पडद्याची खालची दांडी हळूच खाली सरकली. एक बोट… दोन बोटं… आणि थांबली. कुणीतरी हातात धरून ठेवावी तशी…

फट्!

मी सापडलो पलंगाखाली. कसा गेलो ते आठवत नाही. वरून सासूबाईंचा आवाज आला, "तिथे माझी चप्पल असेल, तेवढी द्या बाहेर." आठ.

बाहेर येऊन वर बघितलं. पडदा पार चौकटीपर्यंत गेला होता. वीत नव्हती. चौदा फेऱ्यांचा पडदा इतका वर जाऊच शकत नाही. रूळ काढला, पट्टी पकडीत धरून पीळ सोडत मोजला. पंधरा. मला क्षणभर सासूबाईंचाच संशय आला. पण मोडक्या मनगटाची बाई स्टुलावर चढून स्प्रिंगला पीळ देईल? आणि मी स्वतः समोर बसलेला. दहा.

मीही कमी हट्टी नाही. गुरुवारी त्या रुळाला दहाच फेरे दिले. चार वाजता फट्. काढून मोजले, पंधरा. शुक्रवारी पाच दिले. फट्. पंधरा. अकरा.

सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय खोटं नाही. पण जावईबापू, तुम्ही तरी कशाला त्यांच्याशी भांडताय? ते जिवंत असताना तुम्हाला जिंकता आलं नाही."

शनिवारी मी स्प्रिंगच काढून घेतली. रुळाच्या पोटातून ओढली, फडक्यात गुंडाळली, पिशवीत टाकली, पिशवीची चेन लावली आणि वर स्वतः बसलो. आता तो पडदा म्हणजे पोकळ रुळाला गुंडाळलेलं नुसतं कापड. स्प्रिंगशिवाय त्याला वर जायला काही कारणच नाही. खाली सोडून ठेवला. सासूबाईंनी दोन्ही कानांत कापूस घातला आणि पलंगाची कड डाव्या हाताने घट्ट धरली.

चार वाजले. पेन्सिलीचा वास. एक बोट… दोन बोटं… आणि मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, दादा हरले. तेवढ्यात माझ्या खाली, चेन लावलेल्या पिशवीत, स्प्रिंग कर्रर्र करून पिळली गेली. एक फेरा. मी बसलो होतो तिथेच मला तो जाणवला. मग दुसरा… तिसरा… मी मोजत होतो मास्तर. तोंड बंद होतं, त्यामुळे एकही आकडा चुकला नाही. पंधरा झाले.

फट्!

पोकळ रुळावरचं कापड चौकटीवर जाऊन आदळलं. सासूबाईंनी कानातला कापूस काढला आणि म्हणाल्या, "झालं?" पण या वेळी त्यांचा आवाज कापत होता. त्या उठल्या आणि राहिलेलं सामान खोक्यात भरायला लागल्या. एका हाताने. मला ते बघवेना. बारा.

रविवारी सकाळी उजाडताच मी त्यांच्या दारात. बायको दुपारी गाडी घेऊन खोकी न्यायला येणार होती. रूळ मांडीवर घेतला, स्प्रिंग परत आत बसवली आणि तोंड मिटून पंधरा फेरे दिले. माझ्या हाताने, पहिल्यांदाच. मग माझी 'चौदा'ची ओळ खोडली, तिच्याखाली लिहिलं, 'पंधरा. उशीर झाला. चूक माझी.' गोल काढला. अक्षर जरा बिघडलं, कारण डोळे भरून आले होते. मग पडदा चढवला. तेरा.

चार वाजता आम्ही तिघं पलंगावर रांगेत बसलो. बायको मध्ये. घड्याळाची टिकटिक. चार वाजून पाच. दहा. पडदा जागचा हलला नाही. शेवटी बायकोच उठली आणि तिने दांडीला हलकासा हिसका दिला. पडदा सरसर वर गेला, वर पार चौकटीला टेकला आणि थांबला. आवाज नाही, वीत नाही. पंधरा फेऱ्यांनी फट् होतच नाही मास्तर. तो फट् फेऱ्यांचा नव्हता, रागाचा होता. बायकोने खोक्यातून कप काढला आणि चहा टाकायला आत गेली. सासूबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. "बाई गं," एवढंच म्हणाल्या, "समोरच्या झाडाचा शेंडा दिसतोय." चौदा.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आठवड्याने सासूबाईंचा फोन आला. "ते परत सुरू झालं. आज फट् झालं. या." मी गेलो, रूळ काढला. माझ्या ओळीखाली दुसरी ओळ होती, अक्षर खाली दाबून लिहिलेलं, पुढे दादांची खूण, बारीकशी चोच. 'बरोबर. बाकीचे कधी?'

बाकीचे म्हणजे मी या शहरात बसवलेले चौदा फेऱ्यांचे पडदे. वही काढून बघितली, तीनशे अकरा. तेव्हापासून रोज एक घर करतो. ज्या दिवशी चारच्या आत एक पडदा नीट होतो, त्या दिवशी सासूबाई आपल्या खिडकीशी निवांत असतात. एकदा मला ताप होता, घरी पडून राहिलो, तर चार वाजून एका मिनिटाला फोन. बायकोने पुन्हा खोक्याचं नाव काढलं. म्हणून मी न बोलावता येतो, लोक मला वेडा समजतात आणि मी ऐकून घेतो. तुमचा हा एकशे एकोणचाळिसावा. आणि हा… पंधरा. झालं बघा. चारला सहा मिनिटं आहेत. आता मूठ काढतो, जुनी ओळ खोडून नवी लिहितो की निघालो.

…

मास्तर, जरा दिवा लावता?

नाही, रूळ ठीक आहे. तुम्ही इथेच समोर बसला होतात ना? मी ही मूठ मध्ये कुठे उघडली का? नाही ना… माझ्या 'चौदा'खाली मी अजून काहीच लिहिलेलं नाही. मग हे वाचा. मला चष्म्यातून नीट दिसत नसेल, तुम्ही वाचा. मोठ्याने नको.

'चौदाच झाले. नववा खाल्लात.'

खाल्ला का मी? आठ म्हणालो, मग… पलंगाखालून बाहेर आलो, आणि मग… हो. हो मास्तर. सरका. पकड द्या इकडे. आता एक शब्द बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका, तुमच्या पाया पडतो. एकच फेरा आहे. सासूबाईंनी आज सकाळीच भाजी आणून ठेवली आहे.

झाला. हा घ्या, चढवा तुम्ही. तीन मिनिटं आहेत, मी निघतो. ओळ… हो, ओळ लिहायची राहिली. माझ्या कानावरची पेन्सिल काढून द्या जरा.

काय झालं? असं काय बघताय तिच्याकडे?

टोक?

मास्तर, सकाळी निघताना ही पेन्सिल पार बोथट होती. आणि माझ्या खांद्यावरचा हा भुसा झटका आधी.